निखाऱ्यावरचे जेवण



गेल्या हिवाळ्यात सातवीच्या वर्गात एक धडा शिकवीत असताना 'निखारा' हा शब्द आला. मी सहज विचारले, "निखारा कोणी पाहिला आहे?" खेड्यांतून येणाऱ्या सातआठ मुलांनी हात वर केले. शहरातल्या मुलांपैकी एकाने 'पेटलेले लाकूड' असे उत्तर दिले, दुसऱ्याने 'गॅसची निळी ज्योत' असे सांगितले. मग निपाणीकडची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, निखारा म्हणजे आमच्याकडचा आर ना? आजी त्याच्यावर भाकरी फुगवते."

तिचे उत्तर अगदी बरोबर होते. आपल्या सीमाभागात निखाऱ्याला आर म्हणतात, कोणी इंगळ म्हणतात, आणि शेजारचे कानडी बांधव केंड म्हणतात. एका वस्तूला एवढी नावे असताना ती वस्तूच मुलांच्या नजरेआड होत चालली आहे. यात दुःख करण्यासारखे फारसे काही नाही. चुलीपुढे फुंकणी घेऊन डोळे लाल करणाऱ्या बायकांना विचारा, त्या गॅसला दुवाच देतील. त्या धुराने किती फुप्फुसे खराब केली याची गणतीच नाही. पण रोजच्या कामातून गेलेला निखारा आता हौसेच्या वाटेने परत येतो आहे. रविवारी गच्चीवर शेगडी पेटते, सहलीला निघालेल्या गाडीत कोळशाची पिशवी असते, हमरस्त्यावरच्या हॉटेलात तंदूर धगधगत असतो. रोजचा सराव मात्र सुटला आहे. आगीशी हौसेने खेळावयाचे असेल तर तिचा स्वभाव ठाऊक हवा, म्हणून आज निखाऱ्यावर भाजून खाण्याच्या पदार्थांविषयी बोलावयाचे योजिले आहे.

प्रथम ज्वाळा आणि निखारा यांतील भेद पाहू. लाकूड तापले की त्यातून वायू सुटू लागतात, आणि ते वायू हवेत जळताना आपल्याला ज्वाळेच्या रूपाने दिसतात. ज्वाळेत धूर असतो, काजळी असते आणि आच एका जागी स्थिर नसते. हे वायू निघून गेले की मागे उरतो तो कोळसा. तो ज्वाळेवाचून, आतल्या आत जळतो, लालबुंद होतो आणि त्याच्यावर राखेची पातळ साय धरते. त्याची उष्णता आपल्याकडे येते ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे सूर्याची येते त्याच रीतीने. म्हणूनच ती सर्वत्र सारखी लागते. ज्वाळेवर धरलेला पदार्थ बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. निखाऱ्यावर ठेवलेला आतपर्यंत शिजतो. भाजण्याची सारी विद्या एवढ्यातच आली म्हणा ना: ज्वाळा विझेपर्यंत थांबावयाचे. पण हौशी माणसाला हेच जमत नाही. कोळसा पेटला न पेटला तोच तो जाळी चढवितो, वर थोडे रॉकेल ओततो, आणि मग कोंबडीला रॉकेलचा वास येतो म्हणून मसालेवाल्याला नावे ठेवतो.

आता हुरडा घ्या. निखाऱ्यावरच्या पदार्थांत मी हुरड्याला पहिला मान देतो, आणि यात माझा पक्षपात आहे हे कबूल करतो. शाळू पेरला जातो सप्टेंबर-ऑक्टोबरात. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास कणसात दाणा भरतो; पण तो अजून हिरवा, मऊ, दुधाळ असतो. त्याच्यातील साखरेचे पुरते पीठ झालेले नसते. ही अवस्था थोडेच दिवस टिकते, पुढे तीच ज्वारी दळून भाकरीला लागते. या थोड्या दिवसांत कणीस काढून भाजले म्हणजे हुरडा. कानडी शेतकरी याला सीतनी म्हणतात. सिहि म्हणजे गोड आणि तेने म्हणजे कणीस, असा तो शब्द फोडून दाखवितात. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीत, सौंदत्ती-अथणीकडे, या दिवसांत शेतावर बोलावणे येणे हा मोठा सन्मान समजतात.

त्याची रीत अशी. शेतात हातभर रुंदीचा खड्डा खणतात, त्याला आगटी म्हणतात. तीत शेणी रचून पेटवितात. शेणी, म्हणजे गोवऱ्या, लाकडासारख्या भडकत नाहीत. सावकाश जळतात आणि बराच वेळ सारखी आच देतात. ज्वाळा बसली की कणसे देठाला धरून त्या गरम राखेत आणि आरात खुपसावयाची. दाण्यातले पाणी तडतडू लागले, हिरवा रंग किंचित तांबूस झाला की बाहेर काढावयाची. मग जाणते हात ती कणसे तळव्यावर चोळतात, कोंडा फुंकून टाकतात, आणि वाफाळलेले हिरवे दाणे पानावर पडतात. सोबत लसणीची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. हुरडा गरम असतानाच खावयाचा. निवला की दाणा चिवट होतो, आणि डब्यात भरून गावात नेलेला हुरडा म्हणजे आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र. सर्वच जातींची ज्वारी हुरड्याला चालत नाही. गुळभेंडी, सुरती या जुन्या जातींचे नाव आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाणही काढले आहेत.

शेताचे बोलावणे सर्वांनाच येत नाही, पण रताळी तरी सर्वांना मिळतात. आणि बेळगावचे रताळे म्हणजे काही सामान्य वस्तू नव्हे. बेळगाव, खानापूर आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यांतल्या तांबड्या मातीत पिकलेली रताळी इथल्या बाजारातून थेट दिल्लीपर्यंत जातात. आपण मात्र ती कुकरात घालून तीन शिट्ट्यांत उकडतो आणि 'यंदाची रताळी गोड नाहीत' असा निकाल देतो. दोष रताळ्याचा नसतो. रताळ्याच्या अंगात पिठाची साखर करणारे एक पाचकद्रव्य असते. ते साधारण साठ ते पंचाहत्तर अंशांच्या उष्णतेत जोमाने काम करते. त्याहून आच फार वाढली की निकामी होते. कुकरात रताळे ही पायरी धावत ओलांडते आणि पाचकद्रव्याला कामाला वेळच मिळत नाही. तेच रताळे निखाऱ्याशेजारच्या गरम राखेत पुरून ठेवा. ते हळूहळू तापते, त्या पायरीवर बराच वेळ रेंगाळते, पिठाची साखर होत जाते. तासाभराने काढाल तेव्हा सालीतून पाकाचे थेंब बाहेर येऊन करपलेले दिसतील. आमच्या आजीला पाचकद्रव्य ठाऊक नव्हते. रात्रीची भांडी आटोपल्यावर ती चार रताळी चुलीच्या राखेत ढकलून निजत असे, आणि सकाळी ती आमची न्याहारी होई.

वांग्याच्या भरिताचे वर्णन करीत बसत नाही. ते करणारी माणसे माझ्यापेक्षा अधिक जाणती आहेत. वांग्याला दोनचार ठिकाणी टोचून मगच आरावर ठेवावे, नाही तर आतली वाफ कोंडून ते फुटते, एवढेच सांगतो. मक्याचे कणीस पावसाळ्यात रस्तोरस्ती मिळते. काजूच्या बियांबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे. खानापूर-चंदगडकडे उन्हाळ्यात मुले त्या पालापाचोळ्यावर भाजतात. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला. त्याच्या टरफलातले तेल पेट घेते, उडते, आणि अंगाला लागले तर बिब्ब्यासारखेच फोड उठविते. त्याचा धूरही डोळ्यांत जाता कामा नये. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मोठ्या माणसाने करावे. आणि निपाणी भागात आणखी एक पथ्य सांगावेसे वाटते: शेतात तंबाखूची वाळलेली धसकटे फुकटची पडलेली असली, तरी खाण्याच्या वस्तूखाली त्यांचा जाळ करू नये. तंबाखूचे विष धुरातूनही येते.

आता मांस-मासळीकडे वळू. ज्यांच्या घरी ती चालत नाही त्यांनी हा भाग कौतुकाने ऐकावा. आमच्या आळीत लिंगायत आहेत, जैन आहेत, मराठा आहेत, मुसलमान आहेत आणि आम्ही चारदोन ख्रिस्ती घरे आहोत. तेव्हा एकाच अंगणात निरनिराळ्या जाळ्या मांडण्याची सवय आम्हाला झालेली आहे.

मांस निखाऱ्यावर भाजणे हे बाहेरून आलेले फॅड आहे, असे कित्येकांना वाटते. बार्बेक्यू हा शब्द बाहेरचा खरा. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या लाकडी मांडवीवरून स्पॅनिश लोकांनी तो उचलला. पण कृती आपल्या मातीत जुनी आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कांडताना बायका ओवी गातात अशी नोंद त्यात आहे, म्हणून मराठीचे अभ्यासक या ग्रंथाला मान देतात. त्याच ग्रंथात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे, आणि तेथे मांसाच्या तुकड्यांना छिद्रे पाडून, मसाला भरून, शूळावर ओवून निखाऱ्यावर भाजण्याची रीत दिली आहे. त्या पदार्थाचे नाव भडित्रक. ज्याला आपण आज शीगकबाब म्हणतो त्याचा हा आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा भाऊ आपल्याच कर्नाटकात नांदत होता. ओवीला आणि भडित्रकाला एकाच राजाने एकाच ग्रंथात जागा दिली, याची मला मोठी गंमत वाटते.

घरच्या घरी करावयाचे तर बांगड्यासारखी सोपी वस्तू नाही. गोवा-कारवारकडून घाट चढून येणारा बांगडा ताजा आहे ना, हे डोळ्यांवरून आणि कल्ल्यांवरून पाहून घ्यावे. साफ करून, दोन्ही अंगांना चिरा पाडून, मीठ, हळद, लिंबू आणि वाटलेली मिरची भरावी. मिरचीत आपण भाग्यवान आहोत: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि दोन्ही आपल्या दाराशी. जाळीवर ठेवण्यापूर्वी मात्र वरचे पाणी फडक्याने टिपून घ्यावे. याला कारण आहे. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथली उष्णता शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि पदार्थ नुसता वाफवला जातो. भाजल्याचा तांबूस रंग आणि तो खमंग वास उत्पन्न होतो तो सुमारे एकशे चाळीस अंशांपुढे, प्रथिनांतील घटक आणि साखर यांच्या संयोगातून. लुई कामील मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली या क्रियेचे वर्णन केले. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, शेंगदाणा आणि बांगडा या सर्वांचा खमंगपणा एकाच घराण्याचा आहे. आच पुरेशी आहे की नाही हे पाहावयास यंत्र नको. जाळीच्या उंचीवर तळहात धरावा. चार-पाच आकडे मोजून होईपर्यंत हात मागे घ्यावासा वाटला, तर बांगडा ठेवण्याची वेळ झाली.

कोंबडीला अधिक सावधपणा हवा. मासा आतून किंचित ओला राहिला तर चालून जाते, कोंबडी राहता कामा नये. हाडाजवळचा भागही पंचाहत्तर अंशांच्या आसपास तापला पाहिजे, तरच तिच्यातले रोगजंतू मरतात. तांगडीला हाडापर्यंत चिरा पाडाव्यात, आणि टोचल्यावर लालसर पाणी आले तर पुन्हा जाळीवर ठेवावी. कच्चे मांस ज्या ताटात होते त्याच ताटात भाजलेले वाढू नये. एवढी साधी गोष्ट, पण सहलीला ताटे मोजकी नेतात, आणि पोटदुखीचे मूळ पुष्कळदा तेथे असते.

हॉटेलांतील तंदूर हा आपल्याकडे उशिरा आलेला पाहुणा. 1947 च्या फाळणीनंतर पेशावर-पंजाबकडून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीत तंदूरची हॉटेले थाटली. दर्यागंजमधील मोतीमहल त्यांपैकी सर्वांत गाजलेले. तेथून ती चव देशभर पसरली. आज पुणे-बेंगळुरू हमरस्त्याने कागल ओलांडून निपाणी, संकेश्वर, बेळगाव असे येताना ढाब्यांच्या पाट्यांवर 'तंदूर' हा शब्द तांबड्या पांढऱ्या रस्स्याच्या शेजारी नांदताना दिसतो. मातीच्या त्या उभ्या भट्टीत तळाला निखारे असतात, भिंतीही तापलेल्या असतात, त्यामुळे शिगेवरच्या पदार्थाला चहूबाजूंनी आच लागते. हे सुख घरच्या जाळीवर मिळत नाही, म्हणून तंदुरी खावयाची तर हॉटेलातच खावी, असे माझे मत आहे.

पण डोळे उघडे ठेवून. भडक शेंदरी तंदुरी पाहिली की आपल्याला भूक लागते, आणि हॉटेलवाल्याला ते ठाऊक असते. कर्नाटकाच्या अन्नसुरक्षा खात्याने 2024 मध्ये ठिकठिकाणच्या कबाबांचे 39 नमुने तपासले, त्यांपैकी 8 नमुन्यांत सनसेट यलो, कार्मोसिन असे कृत्रिम रंग सापडले. आणि त्या वर्षी जूनमध्ये शाकाहारी कबाब, कोंबडी आणि मासळी यांत कृत्रिम रंग घालण्यास राज्यात बंदी झाली. दही आणि ब्याडगीचा रंग विटकरी असतो, कोठे गडद कोठे फिका. सर्वत्र एकसारखी केशरी झळाळी आणि बोटांना धुऊनही न जाणारा रंग दिसला, तर 'रंग घालता का हो?' असे विचारण्यात लाज कसली? दोनचार गिऱ्हाइकांनी विचारले की मुदपाकखान्यात निरोप पोचतो.

धुराबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकते, पेट घेते, आणि त्या धुराबरोबर कर्करोगास कारण होऊ शकणारी काही द्रव्ये वर येऊन पदार्थाला चिकटतात. मांस काळे करपले तर आणखी काही निर्माण होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये सॉसेजसारखे खारवलेले, टिकाऊ केलेले मांस कर्ककारक वर्गात घातले. नाताळात गोव्याची सॉसेजेस निखाऱ्यावर भाजणाऱ्या आमच्यासारख्या घरांना ही बातमी काही गोड लागली नाही. ती आम्ही सोडली नाहीत, सणापुरती ठेवली. चरबी कापून टाकणे, दह्या-लिंबात मुरविणे, निखारे एका बाजूला सारून पदार्थ दुसऱ्या बाजूला ठेवणे, करपलेला भाग खरवडून फेकणे, एवढ्याने बराच बचाव होतो.

शेवटी एक स्वतःचा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात शेगडी पेटविली होती. बांगडे झाले, रताळी झाली. रताळ्यांचा एक डबा शेजारच्या अप्पांकडे गेला. रात्री बोचरा वारा सुटला. आई सत्तरीच्या पुढची, तिला हुडहुडी भरली. निखाऱ्यांवर राख धरलेली, धुराची रेघही नाही. मी शेगडी उचलून आतल्या खोलीत ठेवली आणि वारा येतो म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या. सगळेजण तिच्याभोवती शेकत बसलो.

अर्ध्या-पाऊण तासाने धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, डोकं दुखतंय." जागरण झाले असेल असे मला वाटले. आई पेंगू लागली. तिला ऊब लागली म्हणून आम्ही समाधान मानले. पत्नी पाणी आणावयास उठली आणि गुडघ्यांतून खाली बसली. मला उठावेसे वाटत होते, पण पाय हलेनात. तेवढ्यात अप्पा रिकामा डबा परत करावयास आले. आमचे चेहरे पाहून त्यांनी काही विचारले नाही. दारे सताड उघडली, शेगडी ओढून बाहेर फेकली, आणि आईला उचलून ओसरीवर आणले. "मास्तर, तुम्ही शिकवता काय नि करता काय?" एवढेच ते म्हणाले. सकाळपर्यंत आईच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. ती वाचली.

मी शाळेत मराठी शिकवितो, आणि शिक्षक कमी पडले की विज्ञानही. कार्बन मोनॉक्साइडचा पाठ त्याच वर्षी मी शिकविला होता. निखाऱ्याला हवा अपुरी पडली की हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो, आणि माणूस गुदमरल्याची जाणीवही न होता झोपी जातो. ज्वाळेला आपण भितो, कारण ती दिसते. भाजण्याला जो निखारा उत्तम, राख धरलेला, धूर नसलेला, तोच बंद खोलीत घातक. दार किंचित किलकिले ठेवले म्हणजे भागते असेही नाही. तंबूत, मोटारीत, बाळंतिणीच्या खोलीत, कोठेही कोळशाची शेगडी आत नेऊ नये. एकाच वेळी घरातल्या दोघातिघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर प्रथम सर्वांनी उघड्यावर यावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटले तरी दवाखाना टाळू नये.

आमची शेगडी अजून आहे. तिची जागा अंगणातल्या फरशीवर, तुळईपासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून दूर. जेवणे झाली की मुलगी चिमट्याने एकेक निखारा पाण्याच्या बादलीत सोडते, चुर्र आवाज होतो. बुडवलेले कोळसे दुसऱ्या दिवशी उन्हात पसरून ठेवतो. पुढच्या रविवारी तेच पुन्हा पेटतात, आणि नव्या कोळशापेक्षा लवकर पेटतात.